पन्नास लिटरमध्ये सोळा किलो

जाळी सपाट बसत नाही. एका बाजूने दाबली की दुसरी बाजू उचलते. मामा गुडघ्यांवर बसून पातेल्यात डोकं घालतात, बोटाने कड चाचपतात आणि मागे न बघता हात पुढे करून ग्राइंडर मागतात. आतल्या कडेला आर्गन वेल्डिंगचा फुगवटा राहिला आहे. ठिणग्या उडतात, पातेलं घुमतं, मग पुन्हा जाळी. आता ती बसते. तिचे पाय तळाला टेकतात आणि खाली अडीच सेंटिमीटरांची पोकळी उरते.

"तीन लिटर इथेच गेले," भाचा म्हणतो आणि वहीत आकडा टाकतो.

पातेलं 50 लिटरचं आहे. व्यास 40 सेंटिमीटर, उंचीही तेवढीच, 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील. तळाजवळ अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह, आत ही छिद्रांची जाळी. बिअर करणारे या भांड्याला मॅश टन म्हणतात. मोड काढून वाळवलेली, म्हणजे माल्ट केलेली बार्ली भरडून यात गरम पाण्यात तासभर मुरवायची, दाण्यातल्या पिठुळाची साखर होऊ द्यायची आणि ते गोड पाणी, वॉर्ट, जाळीखालून काढून घ्यायचं. सांगायला एवढंच. भाचा पुण्याच्या एका मायक्रोब्रुअरीत हेच काम मोठ्या टाक्यांवर करतो. नवी पाककृती थेट मोठ्या टाकीत घालायची आणि फसली तर सगळी ओतून द्यायची, हे परवडत नाही. म्हणून छोटं भांडं हवं, आणि ते मामांच्या शेडमध्ये तयार होतं आहे.

ही शेड उरल्यात आहे, रायपूरच्या उत्तरेला, बिरगावला चिकटून. रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोलिंग मिल, स्पंज आयर्नच्या भट्ट्या, फॅब्रिकेशनचे कारखाने. झाडांच्या पानांवर काळी धूळ बसलेली आहे, बोट फिरवलं तर खालचा हिरवा रंग दिसतो. डिसेंबर असल्याने धानाची पोती भरलेले ट्रक राइस मिलकडे रांगेने जात आहेत. मामांचं रोजचं काम या मिलसाठी: हॉपर, शूट, एलिव्हेटरची आवरणं. दाणा कसा घसरतो, कुठे अडतो, ओला झाला की पत्र्याला कसा धरून बसतो, हे त्यांना हातानेच कळतं. शेडमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही. घराणं मूळचं नागपूरकडचं, तीन पिढ्या रायपुरात गेल्या, तरी बोलण्यातला वऱ्हाडी-नागपुरी हेल तसाच आहे.

"सोळा किलो म्हणजे काय रे? धानाचं पोतं चाळीस किलोचं राहते. अर्धं पोतंही नाही होत. एवढ्यासाठी काय गणित करून राहिला तू?"

"मामा, दाण्याचं गणित सोपं आहे. गणित पाण्याचं आहे."

वही आमच्यापुढे येते. साध्या बिअरला या भांड्यात आठ किलो माल्ट पुरतं. आज भाच्याला बार्ली वाइन करून बघायची आहे. नाव वाइनचं असलं तरी ती बार्लीचीच बिअर, फार कडक. तेवढ्याच वॉर्टमध्ये दुप्पट साखर हवी, म्हणून माल्टही दुप्पट. एक किलो भरडलेलं माल्ट पाण्यात घातलं की पातळी सुमारे दोन तृतीयांश लिटरने चढते. किलोला अडीच ते तीन लिटर पाणी ही नेहमीची रीत. अडीचने धरलं तर 40 लिटर पाणी आणि वर दाण्याची जवळपास 11 लिटर जागा. 51 झाले, आणि भांडं तर 50 चं. हलवायला उलथणं घातलं की जमिनीवर.

मग पाणी कमी करायचं. किलोला दोन लिटर. 32 आणि 11, त्रेचाळीस. जाळीखालचे तीन धरून 46. वर चार लिटर उरतात. भाचा मामांची फूटपट्टी पातेल्यात उभी धरतो: चार लिटर म्हणजे कडेपासून खाली जेमतेम दोन बोटं.

मामांना हे पटत नाही. पत्रा घरचा आहे, रोलिंगचं मशीन पलीकडे उभं आहे. "बारा सेंटिमीटरची कॉलर चढवून देतो. वीस मिनिटांचं काम आहे. पासष्ट लिटर होऊन जाते. मग घाल किती घालायचं ते."

भाचा नाही म्हणतो. मोठं भांडं मागण्याचा मोह कुणालाही होईल, आणि पुष्कळजण तेच करतात. पण या भांड्यात गाळणी जाळी करत नाही. जाळी फक्त दाणा अडवते. गाळणी असते ती दाण्याच्या टरफलांची, एकावर एक बसलेल्या थराची. सोळा किलोंचा ओला थर इथे वीतभर उंच बसेल, आठ किलोंचा त्याच्या निम्मा. भांडं रुंद घेतलं तर तो तीन-चार बोटांवर येईल, एवढ्या पातळ थरातून वॉर्ट गढूळच उतरतं. आणि अर्धं रिकामं भांडं उष्णता धरत नाही. वर्षातून दोन वेळा लागणाऱ्या मापाला भांडं बेतलं तर उरलेल्या सगळ्या दिवसांचं काम बिघडतं. मला भाच्याचं म्हणणं बरोबर वाटतं. सोळा किलोंची जागा पत्रा वाढवून करायची नाही, आहे त्या भांड्यात पाण्याला वाट ठेवून करायची आहे.

मामा मान हलवतात, पण कॉलरचा पत्रा भिंतीशी उभा करून ठेवतात.

माल्टची 25 किलोंची गोणी उघडते. सहा रांगांची भारतीय बार्ली, टरफल जाड. भाचा दोन रोलरच्या हातचक्कीतून थोडी काढतो, तळहातावर पसरतो, फुंकर मारतो. दाणा तीन-चार तुकड्यांत फुटायला हवा आणि टरफल अखंड राहायला हवं. पीठ झालं तर थराचा गारा होतो आणि पाणी अडतं. बारीक भरडलं की साखर जास्त निघते हे खरं, पण भरगच्च भांड्यात तो लोभ महागात पडतो. तो रोलरमधलं अंतर किंचित वाढवतो. चौदा किलो बार्ली आणि दोन किलो गव्हाचं माल्ट. गव्हाला टरफल नसतंच, तेव्हा गाळणीला हातभार लावायला दुसरं काही हवं.

ते काही इथे ढिगांनी पडलेलं आहे. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा भुसा निघतो आणि राइस मिल तो बॉयलरमध्ये जाळतात. पाण्यात तो मऊ पडत नाही, कारण त्यात सिलिका भरपूर. चव देत नाही, साखर खात नाही, नुसता दाण्यांमध्ये फटी धरून बसतो. अमेरिकेतले घरी बिअर करणारे लोक हाच भुसा दुकानातून पिशवीवर पैसे मोजून आणतात. मामांचा मदतनीस शेजारच्या मिलमधून बादली भरून घेऊन येतो. अर्धा किलो वजनाला बादलीभर भुसा लागतो. भाचा तो चाळतो, धूळ आणि कोंडा उडवतो, उकळत्या पाण्यातून दोनदा काढतो. पहिलं पाणी करडं निघतं, दुसरं स्वच्छ. बादलीभर दिसणारा भुसा पाण्यात पाव-अर्धा लिटरसुद्धा जागा घेत नाही, मधली हवाच तेवढी असते.

मदतनीस बस्तरमधल्या कोंडागावकडचा. हे सगळं बघताना तो हसून काहीतरी म्हणतो. मामा विचारतात, तेव्हा सांगतो की त्याच्या घरी लांदा, म्हणजे तांदळाची बिअर, करताना हांडीत आडव्या काटक्यांचा थर देतात. खाली पाणी, वर काटक्या, त्यावर तांदळाचं पीठ, आणि ते वाफेवर शिजवायचं. शिजलेलं पीठ गार झालं की पाण्यात कालवून त्यात मोड आणून वाळवलेल्या जोंधऱ्याचं, म्हणजे मक्याचं, कुटलेलं पीठ घालायचं. मग काही दिवसांत ते आंबतं.

भाचा चक्की थांबवतो. "मक्याला मोड आणूनच घालतात ना, दादा? कोरडा मका नाही?"

"कोरड्याने गोड येत नाही," तो हिंदीत सांगतो, आणि पुढे बजावतो की लग्नघरी जास्त करायचं असलं तरी हांडी गळ्यापर्यंत भरायची नाही. दुसरी हांडी मांडायची.

बस्तरमध्ये ही समज घराघरात आहे. शिजवलेल्या तांदळात पिष्ट आहे पण ते फोडणारी एन्झाइम नाहीत, मोडाच्या मक्यात ती आहेत. जर्मनीत बार्लीचं माल्ट जे करतं तेच इथे जोंधरा करतो. आणि काटक्यांचा थर तर फिनलंडच्या साहतीची आठवण देतो. तिथे ही घरगुती बिअर गाळायला लाकूड कोरून केलेली डोणी असते, कूर्ना, तिच्या तळाला ज्युनिपरच्या डहाळ्या किंवा गवताच्या काड्या अंथरतात. कोंडागाव आणि फिनलंड यांची गाठ पडायचं कारण नाही. ओल्या पिठाळ वस्तूखाली पोकळी हवी, एवढं दोन्हीकडच्या बायामाणसांना हाताने काम करता करता उमगलं.

गॅसच्या भट्टीवर पाणी तापतं आहे. भाचा थर्मामीटर माल्टच्या गोणीत खुपसतो: 22 अंश. घाणा, म्हणजे पाण्यात कालवलेला दाणा, 66 वर बसायला हवा. नेहमीच्या अडीच लिटरच्या हिशेबाने पाणी 73 ला पुरलं असतं. आज पाणी कमी आणि दाणा जास्त, म्हणजे गार दाणा पाण्याला जास्त ओढून खाली आणणार, म्हणून 75. मे महिन्यात उरल्याच्या पत्र्याखाली हीच गोणी चाळिशीला टेकलेली असते, तेव्हा 71 सुद्धा चालेल. चार-पाच अंशांची चूक दिसायला किरकोळ, पण साठ ते पासष्टच्या पट्ट्यात काम करणारं एन्झाइम वेगळं आणि सत्तरीजवळचं वेगळं. पहिल्याने साखर आंबण्याजोगी होते, दुसऱ्याने बरीचशी न आंबणारी. घट्ट घाण्यात चूक दुरुस्त करायला वरून पाणी ओतायची सोयही नाही, कारण भांड्यात जागाच नाही.

दोन लिटर उकळतं पाणी फिरवून पातेलं आधी तापवलं जातं. ते ओतून दिल्यावर मोजून 35 लिटर. भुसा आधी, जाळीवर पातळ अंथरलेला, आणि उरलेला दाण्यात मिसळलेला. मग मामा डबा तिरका करून दाणा सोडतात, भाचा लांब लाकडी उलथण्याने ढवळतो.

पहिले आठ किलो सहज जातात. वास सुटतो, भाजल्या धान्याचा, आणि शेडमधली वेल्डिंगची मंडळी एकेक करून जवळ येतात. दहाव्या किलोनंतर उलथणं जड होतं. बाराव्याला भाच्याचा खांदा त्यात उतरतो. समोरचं आता पेजेसारखं वाहत नाही, भाकरीच्या उकडीसारखं गोळा होऊन फिरतं. गुठळ्या दिसतात, बाहेरून ओल्या, आत कोरडं पीठ. त्या भिंतीशी दाबून फोडाव्या लागतात. चौदा. मामा डबा थांबवतात.

"पातळी बघ."

कडेपासून जेमतेम तीन बोटं. उरलेले दोन किलो मुठीमुठीने जातात. थर्मामीटर मध्ये 68 दाखवतो, कडेला 63. पुन्हा ढवळणं, तळापासून वर, घाई न करता. मध्ये 66, कडेला 66. पातळी कडेपासून दोन बोटं खाली स्थिरावते. वहीतला आकडा बरोबर निघतो आणि मामा पहिल्यांदाच वही हातात घेऊन ते पान नीट वाचतात.

झाकण. वरून भट्टीच्या अस्तराला वापरतात तो सिरॅमिक ब्लँकेट, त्यावर पातळ पत्रा गुंडाळलेला. आता तासभर थांबायचं.

चहा येतो. मामा मुद्द्याला परत हात घालतात: समजा वीस किलो लागले तर? भाच्याकडे उत्तरं आहेत आणि एकही फुकटचं नाही. दोन घाणे करायचे, दोन्हींचं वॉर्ट एका उकळीत घालायचं, दिवस जातो. किंवा पहिल्या घाण्याचं वॉर्ट पाण्याच्या जागी वापरून त्यात दुसरा दाणा मुरवायचा. कडकपणा मिळतो पण बरीच साखर चोथ्यात राहते. किंवा दाणा कमी ठेवून उकळीत गूळ-साखर टाकायची, बेल्जियममध्ये कडक बिअरला साखर घालतातच; मात्र अंग हलकं होतं. भरगच्च घाण्यातही नुकसान आहे. रोजच्या घाण्यात दाण्यातल्या साखरेचे चारातले तीन भाग पदरात पडतात, आज निम्म्याहून थोडं जास्त पडलं तरी पुष्कळ, कारण धुवायला पाणी कमी आणि चोथा दुप्पट. इंग्लंडच्या जुन्या ब्रुअरी याची वाट वेगळी काढत. पहिल्या धारेची कडक बिअर करत आणि त्याच दाण्यावर पुन्हा पाणी घालून हलकी.

भांडं लहान आणि दाणा जास्त ही अडचण पुष्कळ उलटीपालटी केली ती अमेरिकेतल्या घरी करणाऱ्यांनी. तिथे 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक दिली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन. लोकांनी सहलीला न्यायचे बर्फाचे डबे मॅश टन म्हणून वापरले आणि लिटर-किलोचे हिशेब एकमेकांना पुरवले. भाच्याच्या वहीतला दोन तृतीयांश लिटरही तिथूनच आलेला. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, आणि पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी उभी राहायला 2009 उजाडलं. या शेडलाही परवाना नाही, म्हणून इथे यीस्ट आणलेलंच नाही. आज आंबवणं नाही. गोड पाणी निघेपर्यंत भांड्याची परीक्षा, बस.

तास भरतो. बशीत एक चमचा वॉर्ट, त्यावर आयोडीनचा थेंब. निळंकाळं झालं तर पिष्ट शिल्लक. थेंब तपकिरीच राहतो.

व्हॉल्व्ह उघडतो. गढूळ धार येते, पहिले दोन-तीन लिटर जगमध्ये घेऊन हलकेच वर परत ओतायचे, थर बसेपर्यंत. तिसऱ्या जगला धार मधासारख्या रंगाची, आरपार दिसणारी. वेल्डर मंडळी खूश होतात आणि कुणीतरी हात पुढे करून व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो.

धार जोर धरते. मग बारीक होते. मग थेंब.

"अडलं," मामा म्हणतात. ते भांड्याला कान लावतात, बोटाने टिचकी मारतात, खालून वरपर्यंत. "खाली पोकळ वाजून राहिलं. वर दाबून बसलं आहे."

अगदी तसंच झालेलं असतं. व्हॉल्व्ह एकदम उघडला की जाळीखालचं पाणी भर्रकन निघून जातं, वरून सोळा किलोंचा ओला भार आणि खालून ओढ, थर आवळून घट्ट होतो. आठ किलोंच्या घाण्यात ही चूक खपून गेली असती. इथे नाही. भाचा व्हॉल्व्ह बंद करतो. उलथणं लगेच घालत नाही. व्हॉल्व्हला नळी जोडतो, नळीचं दुसरं टोक उंच धरलेल्या डब्यात, डब्यात 77 अंशांचं तीन लिटर पाणी. पाणी खालून जाळीच्या पोकळीत शिरतं. थर किंचित उचलला जातो, वर दोन बुडबुडे फुटतात. मग वरच्या दोन तृतीयांश थरात तो उलथण्याने उभ्या आडव्या चिरा देतो, तळाला धक्का न लावता. दहा मिनिटं शांत.

दुसऱ्यांदा व्हॉल्व्ह किंचित उघडतो, तेवढाच. धार करंगळीएवढी पडते, आणि तशीच राहते. मदतनीस मूठभर चोथा वरून उचलून दाबतो. दाण्यांमधून भुशाची सोनेरी टरफलं उभी आडवी अडकलेली दिसतात. तो मामांना दाखवतो. मामा ती मूठ स्वतःच्या हातात घेऊन बघत राहतात.

पहिल्या धारेचं वॉर्ट वीस लिटर भरतं. साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब पडतो, भाचा उजेडाकडे तोंड करतो: 21 ब्रिक्स. खालून घातलेल्या पाण्याने थोडं पातळ झालं, पण उसाच्या बऱ्याच रसांपेक्षा दाट. ग्लासांत वाटलं जातं. गोडीच्या मागून भाजल्या दाण्याची चव येते आणि ओठ चिकटतात. दुसरं पाणी पंधरा लिटर, ते 12 ला उतरतं. तिसरं त्याहून हलकं, वेगळ्या डब्यात. पहिली दोन एकत्र करून आटवायला ठेवली जातात, घट्ट काकवीजोगी करून पुण्याला न्यायची.

चोथा काढायला घमेली लागतात. ओला, वाफाळता, वीस किलोंच्या वर. बिरगावचा म्हशीवाला सायकलला दोन पिंप बांधून आलाच आहे. तळाशी गेल्यावर मामा सगळ्यांना थांबवतात. जाळी मधोमध खाली वाकली आहे, बोटाच्या पेरभर. दीड मिलिमीटरचा पत्रा, पाय फक्त कडेला. पोकळी मध्ये एवढी कमी झाली होती, म्हणजे वॉर्टला धावायला तळाशीही वाट अरुंद होती. नुसता व्हॉल्व्ह उघडण्याचा दोष नव्हता.

"हे माझ्याकडे," मामा म्हणतात. "मधात तीन पाय देतो आणि खालून पट्टी. पत्रा दोनचा. राइस मिलच्या जाळीला आम्ही देतोच ना, इथे काहून नाही दिली?" ते खडूने जाळीवरच खुणा करतात. भिंतीशी उभा ठेवलेला कॉलरचा पत्रा उचलतात, त्याच्यावर पट्टीची मापं आखतात आणि कापायला देतात.

भाचा एक स्टीलची सळई मागतो. ती पातेल्यात तळापर्यंत उभी धरून मामा वहीतल्या आकड्यांप्रमाणे पातळ्या मोजतात, ग्राइंडरच्या पात्याने खाचा पाडतात: आठ किलोंची, बाराची, सोळाची. सोळाची खाच कडेच्या दोन बोटं खाली येते. मामा पातं उचलून थोडं वर धरतात.

"अठराची?"

"नको मामा. अठरा असले की दोन घाणे."